चौथी प्रत

"...ते सगळं खरं, मास्तर. पण रुंदी किती धरायची? तेवढं एकच सांगा."

दस्तगीर मास्तरांनी मान वर केली नाही. ते टाइपरायटरच्या रिबनचं रीळ उलटं करून बसवत होते. बोटं शाईनं काळी झाली होती.

"रुंदी," शलाका पुन्हा म्हणाली. "एका अक्षराला जागा किती द्यायची?"

"बसा की आधी."

ती बसली. स्टुलाचा एक पाय आखूड होता. शलाका निमकर ही नाकावर माशी बसू न देणारी मुलगी. पुण्यात तिच्यापेक्षा वयानं मोठी माणसंही तिला मॅडम म्हणतात. आणि इथं तालुक्याच्या गावी, तहसील कचेरीच्या कुंपणाला टेकलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये, डुगडुगत्या स्टुलावर बसून ती एका म्हाताऱ्याच्या तोंडाकडं बघत होती. गरजच तशी पडली होती.

शलाका अक्षरं घडवते. पुस्तकांत, पाट्यांवर, मोबाइलवर जी छापील अक्षरं दिसतात त्यांचे आकार कुणीतरी बसून काढलेले असतात. ते तिचं काम. गेली तीन वर्षं ती एकच फाँट घडवत होती, टाइपरायटरच्या वळणाचा. त्यात प्रत्येक अक्षराला सारखी जागा. 'र'सारख्या सडपातळ अक्षराला जेवढी, तेवढीच 'क्ष'सारख्या भरगच्च अक्षराला. फाँटचं नाव तिनं 'कचेरी' ठेवलं होतं.

एका प्रकाशकानं तो पसंत केला होता. जुन्या काळी बायकांनी सरकारदरबारी केलेल्या टाइप अर्जांचं एक मोठं पुस्तक निघणार होतं, ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत 'कचेरी'त लावायचं ठरलं होतं. पण प्रुफं वाचणाऱ्या गृहस्थांनी तिसऱ्या पानावर गठ्ठा परत पाठवला. वर पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'डोळे दुखतात. नावं लागत नाहीत.'

प्रकाशक भला माणूस. उद्या सकाळपर्यंत थांबतो म्हणाला. तोवर सुधारलं तर ठीक, नाहीतर पुस्तक नेहमीच्या फाँटमध्ये जाणार आणि शलाकाची तीन वर्षं पाण्यात.

तिनं रुंदी वाढवून बघितली. 'र' आणि काना एकटे पडले, ओळीत भोकं दिसायला लागली. कमी करून बघितली, तर 'क्ष' गुदमरला. मधली कुठली तरी रुंदी बरोबर असणार याबद्दल तिला शंका नव्हती. फक्त ती सापडत नव्हती. मग कुणीतरी दस्तगीर मुजावरांचं नाव सांगितलं. चव्वेचाळीस वर्षं मराठी टाइपरायटरवर अर्ज टाइप करणारा माणूस. कचेरीसमोर पूर्वी अकरा टायपिस्ट बसायचे. आता हे एकटे.

मास्तरांनी रीळ बसवलं, हात फडक्याला पुसले आणि तिच्याकडं पाहिलं.

"एक विचारू का? टाइपरायटर आता कुणी वापरत नाही. मग त्याची अक्षरं लोकांना कशाला लागतात?"

टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"खूप लागतात," शलाका म्हणाली. "कॅफेच्या मेनूला. सिनेमाच्या पोस्टरला. लग्नपत्रिकेला."

"लग्नपत्रिकेला? अर्जाची अक्षरं?"

"हो."

मास्तरांनी थोडा विचार केला.

"बरोबर आहे म्हणा. तोही एक अर्जच झाला."

शलाकाला हसू आलं, पण तिनं ते दाबलं. ती हसायला आली नव्हती.

"आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना तर ही अक्षरं लागतातच. सगळ्यांची जागा सारखी असली की ओळीखाली ओळ आणि रकान्याखाली रकाना बरोबर येतो. कुठं चुकलं ते लगेच दिसतं."

"हे चांगलं आहे," मास्तर म्हणाले. "चूक दिसायला पाहिजे."

तिनं लॅपटॉप उघडला आणि त्यांच्यासमोर ठेवला. पडद्यावर 'कचेरी'चं एक पान होतं. मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि डोळे पडद्याच्या अगदी जवळ नेले.

"बघा," शलाका म्हणाली. आता तिचा आवाज खुलला. "रुंदी तर एक आहेच. पण मी रेघेची जाडीसुद्धा एकच ठेवली. दुसरे लोक इथं हळूच लबाडी करतात, कुठं रेघ बारीक कर, कुठं जाड कर. मी नाही केली. कुणालाच झुकतं माप नाही."

"सगळी सारखी?"

"सगळी सारखी."

"...अच्छा."

त्या अच्छाचा अर्थ काय घ्यायचा ते तिला समजेना.

"आणि हे मनानं काढलेलं नाही, मास्तर. दप्तरखान्यात बसून चारशे अर्ज बघितलेत मी. एकेक अक्षर भिंगाखाली धरून."

"दप्तरातले म्हणजे पहिली प्रत."

"हो. अगदी ठसठशीत."

"असणारच," मास्तर म्हणाले.

"मग रुंदी..."

"रुंदी माझ्या मशिनलाही एकच आहे. मी कधी मोजली नाही."

शलाकाला राग आला. पहाटेची एसटी, तीन तास उभ्यानं प्रवास, आणि हे म्हणतात मोजली नाही. ती काही बोलणार तेवढ्यात शेडच्या पायरीवरून आवाज आला.

"मास्तर, माझं आज व्हायचं न्हाई का?"

पायरीवर एक बाई बसल्या होत्या. साठी उलटलेली, मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी. लक्ष्मीबाई श्रीपती ऐवळे. शेताकडं जायची त्यांची पायवाट भावकीनं काटेरी कुंपण घालून अडवली होती. पाऊण मैलाचा वळसा पडत होता. हा त्यांचा दुसरा अर्ज.

"होतंय की, बाई. या पाहुण्या पुण्याच्या. अक्षरं बनवतात."

लक्ष्मीबाईंनी शलाकाकडं वरपासून खालपर्यंत बघितलं.

"अक्षरं बनिवती? अक्षरं तर हायतच की."

मास्तर खूश झाल्यासारखे दिसले. त्यांनी मसुद्याचा कागद टेबलावर ठेवला. लक्ष्मीबाईंचं म्हणणं त्यांनी सकाळीच हातानं लिहून काढलं होतं. मग ते खुर्चीवरून उठले.

"तुम्हाला टाइप करता येतं?"

"मराठी टाइपरायटरचा कळफलक मला पाठ आहे," शलाका म्हणाली. "डोळे मिटून सांगते कुठली कळ कुठं ते."

"मग बसा इथं. बाईंचा अर्ज तुम्ही करा."

हा काय प्रकार, असं शलाकाच्या मनात आलं. पण खुर्ची रिकामी होती आणि मास्तर तिच्या जागी स्टुलावर जाऊन बसलेही होते. शिवाय, खरं सांगायचं तर, त्या मशिनला हात लावायची तिला मघापासून इच्छा होत होती.

मास्तरांनी चार कोरे कागद घेतले, त्यांच्या मध्ये तीन कार्बन घातले, गठ्ठा ठोकून सरळ केला आणि तिच्या हातात दिला. तिनं तो रोलरवर चढवला.

ती टाइप करू लागली. सावकाश, पण न चुकता. कळ आणि कळ सारखी दाबत होती; कंप्युटरवर काम करणाऱ्याचं बोट तसंच पडतं, तिथं हलकं दाबा की जोरात, अक्षर तेच उमटतं. ओळ संपत आली की घंटी वाजायची आणि ती दांडी ढकलून पुढची ओळ घ्यायची. तिसऱ्या ओळीपर्यंत तिला मजा यायला लागली. शेवटी 'अर्जदार' लिहून खाली पूर्ण नाव घातलं आणि कागद ओढून काढले.

वरची प्रत सुरेख आली होती. तिनं तिचा मोबाइलवर फोटो काढला.

"हे बघा, मास्तर. हेच. असंच मला हवं आहे."

"छान आहे. ही साहेबांना जाईल, तिथून दप्तरात," मास्तर म्हणाले. "दुसरी तलाठ्याला. तिसरी समोरच्या पार्टीला."

"आणि चौथी?"

"चौथी ज्याचा अर्ज त्याला. शिक्का मारून, पोच घेऊन. साहेब बदलले, फाइल सापडेना झाली, तर बाईंच्या पिशवीत असेल तेवढाच अर्ज खरा."

त्यांनी चौथी प्रत वेगळी केली आणि लक्ष्मीबाईंच्या हातात दिली.

लक्ष्मीबाईंनी कागद मांडीवर ठेवला, पदरानं बोट पुसलं आणि वरच्या ओळीपासून ते फिरवायला सुरुवात केली.

"तुम्हाला वाचता येतं?" शलाकानं विचारलं.

"शिकल्याली न्हाई मी. पर माझं नाव वळखती. मास्तरांनी दावलंय."

बोट खाली आलं. पुन्हा वर गेलं. पुन्हा खाली आलं, शेवटच्या ओळीवर घुटमळलं आणि तिथून निघालं. लक्ष्मीबाईंनी कागद उचलून मास्तरांपुढं धरला.

"ह्यात मी न्हाई."

"आहे की हो," शलाका म्हणाली. तिनं कागद घेतला. "हे काय, इथं..."

ती थांबली. काने होते. 'र' चांगले काळे उठले होते. 'ल'चा अंदाज येत होता. पण 'लक्ष्मीबाई'तल्या 'क्ष'च्या जागी नुसती निळसर धूळ होती आणि 'श्रीपती'चा 'श्र' उमटलाच नव्हता. नाव मधूनच गळालं होतं.

"कार्बन जुना आहे," ती म्हणाली.

"असेल," मास्तर म्हणाले. त्यांनी नवा कार्बन दिला.

शलाकानं पुन्हा गठ्ठा चढवला. या वेळी तिनं बोटं आपटली. प्रत्येक कळ जिवाच्या आकांतानं दाबली. टेबल हलायला लागलं. कचेरीत जाणारा एक माणूस थांबून बघून गेला.

चौथ्या प्रतीवर 'क्ष' आला. पण तिनं पहिली प्रत उजेडाकडं धरली तेव्हा त्यातून उजेडाचे टिपके तिच्या तोंडावर पडले. प्रत्येक अनुस्वाराच्या जागी भोक होतं. पूर्णविरामांचीही भोकं. काने तर कागद कापून आत गेले होते.

"ह्ये साहेबांला कसं द्यायचं?" लक्ष्मीबाईंनी विचारलं. त्यांना खरंच काळजी वाटली.

 मास्तरांनी खिशातून बडीशेप काढून तोंडात टाकली.

शलाकाच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं. पण ती हार मानणाऱ्यांतली नव्हती.

"मशिनचा प्रश्न आहे हा," ती म्हणाली. "माझ्या अक्षरांत असं होणार नाही. तिथं बोटाच्या जोराचा संबंधच येत नाही. थांबा, दाखवते."

तिनं लॅपटॉपवर लक्ष्मीबाईंचा अर्ज 'कचेरी'त लिहिला आणि शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणला. स्वच्छ, काळाभोर, एकाखाली एक अक्षर. तिनं तो मास्तरांच्या पुढं ठेवला.

मास्तरांनी तो हातातसुद्धा घेतला नाही.

"ही पहिली आहे," ते म्हणाले. "चौथी आणा."

"याची चौथी कशी असेल?"

"याची झेरॉक्स काढा. त्या झेरॉक्सची झेरॉक्स. तिची आणखी एक."

ती पाय आपटत गेली आणि चौथी घेऊन आली. येताना रस्त्यातच तिची नजर कागदावर गेली होती. तिला समजलं होतं. तरीही तिनं तो लक्ष्मीबाईंच्या मांडीवर ठेवला, कारण मास्तर बघत होते.

बोट फिरलं. वर. खाली. शेवटच्या ओळीवर आलं. तिथं 'क्ष' काळा गोळा झाला होता. त्याच्या पोटातली मोकळी जागा शाईनं भरून गेली होती. 'श्र'ही तसाच. मशिनवर ही अक्षरं पुसट झाली होती, इथं काळीठिक्कर पडली होती. नाव मात्र दोन्हीकडं हरवलं होतं.

"ह्यात बी मी न्हाई," लक्ष्मीबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. बिचाऱ्यांना वाटलं, पोरीला वाईट वाटेल.

वाटलंच.  प्रुफांवर पेन्सिलीनं लिहिलेली ती ओळ शलाकाला आठवली. नावं लागत नाहीत. त्या पुस्तकात पाचशे बायकांचे अर्ज होते. पाचशे नावं. तीन वर्षं तिनं सगळ्यांना सारखं दिल्याचा अभिमान बाळगला, आणि बायका आपापल्या अर्जातून गायब झाल्या होत्या.

"आता उठा," मास्तर म्हणाले. "बाईंना उशीर होतोय."

ते खुर्चीवर बसले. चार कागद, तीन कार्बन. मसुद्याकडं त्यांनी एकदाच बघितलं आणि टाइप करायला सुरुवात केली.

शलाका स्टुलावर बसून बघत राहिली. बघण्यातून काही हाती लागेना. बोटं फार भराभर चालत होती. म्हणून तिनं डोळे मिटले.

तेव्हा तिला ते ऐकू आलं.

आवाज सारखा नव्हता. टक, टक, मग एकदम ठाक. मग इतका हलका की आला का नाही समजू नये. पुन्हा टक. पुन्हा ठाक, खोल. तिनं एक डोळा उघडून रोलरकडं पाहिलं. ठाक आला तेव्हा 'क्ष' उमटला होता. तो हलका आवाज अनुस्वाराचा होता. काना आला की बोट मऊ पडायचं, 'श्र' आला की मनगटापासून उतरायचं.

रोलरची गाडी मात्र प्रत्येक अक्षराला तेवढीच सरकत होती. एकेक घर. ना कमी, ना जास्त.

"मास्तर," ती म्हणाली.

"हं?"

"तुम्ही 'क्ष' जोरात मारता."

मास्तरांचे हात थांबले. त्यांनी आपल्या बोटांकडं पाहिलं, जणू ती दुसऱ्या कुणाची आहेत.

"मारतो?"

"मारता. आणि अनुस्वार अगदी हलका."

"...चव्वेचाळीस वर्षं झाली, मला कुणी सांगितलं नाही," मास्तर म्हणाले आणि पुन्हा टाइप करू लागले. ते खरं बोलत होते की तिची चेष्टा करत होते ते शलाकाला शेवटपर्यंत समजलं नाही.

अर्ज झाला. चौथी प्रत लक्ष्मीबाईंकडं गेली. बोट वरून निघालं, शेवटच्या ओळीवर आलं आणि नावावर थांबलं. बाईंनी मान हलवली, कागद पिशवीत घातला आणि बाकीचे हातात धरून कचेरीची पायरी चढून आत गेल्या.

शलाका जाग्यावरून हलली नाही. तिनं लॅपटॉप मांडीवर घेतला आणि 'क्ष' उघडला. भला मोठा, पडदाभर. मशिनवर भरगच्च अक्षराला जोर जास्त लागत होता; इथं त्याला पोटात मोकळी जागा जास्त लागणार होती. मग तिनं त्याच्या आतल्या गाठीची रेघ थोडी बारीक केली.  ज्याला ती लबाडी म्हणत होती तेच ती करत होती. आणखी थोडी बारीक केली. गाठीच्या पोटात उजेड आला.

मग 'श्र'. त्याचीही आतली रेघ उतरवली, बाहेरची तशीच ठेवली. मग 'र'. त्याची रेघ जाड केली, पाय लांबवला, तेव्हा कुठं तो आपल्या जागेत नीट उभा राहिला. काना भरला. अनुस्वाराचं टिंब मोठं केलं. रुंदीला तिनं हात लावला नाही. लावावासा वाटलाच नाही.

मास्तर दुसऱ्या कुणाचा अर्ज करत होते. तिनं मान खाली घालूनच ते ऐकलं. टक, टक, ठाक. एखाद्या अक्षराशी अडली की ती थांबायची आणि ते अक्षर मशिनवर कधी येतंय त्याची वाट बघायची. 'ज्ञ'साठी तिला बरीच वाट बघावी लागली. शेवटी कुणा ज्ञानूचं नाव आलं, खोल आवाज झाला आणि तिनं 'ज्ञ'ची गाठ सैल केली.

दुपारी मास्तरांनी डबा उघडला. भाकरीचा अर्धा भाग तिच्यापुढं ठेवला. ती एका हातानं खाताखाता काम करत राहिली.

"घरी कुणी शिकवलं असं जेवायला?" मास्तर म्हणाले.

"कुणी नाही."

"दिसतंय... खा, बेटा. अक्षरं पळून जात नाहीत."

सकाळपासून ते तिला 'तुम्ही' म्हणत होते. आता 'तू'वर आले होते. शलाकाच्या ते लक्षात आलं आणि तिला बरं वाटलं. मॅडमपेक्षा पुष्कळ बरं.

तीन वाजायला आले तेव्हा तिनं लक्ष्मीबाईंचा अर्ज पुन्हा छापला. या वेळी कुणी सांगायची वाट बघितली नाही. झेरॉक्सची झेरॉक्स, तिची आणखी एक. चौथी प्रत घेऊन ती शेडपाशी आली, तर लक्ष्मीबाई पायरीवर बसलेल्या. पोच मिळाली होती. त्या नुसत्या बसल्या होत्या, कारण एसटीला वेळ होता.

"बाई, एकदाच आणखी बघता?" शलाका म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. सकाळचा तोरा कुठल्या कुठं गेला होता.

"आण की."

लक्ष्मीबाईंनी पदरानं बोट पुसलं. कागदावर ठेवलं. वरची ओळ. दुसरी ओळ. मध्ये एकदा बोट थांबलं तेव्हा शलाका पुढं वाकली, पण त्या नुसत्या माशी हाकलत होत्या. बोट पुन्हा चालायला लागलं. शेवटची ओळ.

बोट थांबलं.

"ही बघा," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "ही मी."

मग त्यांनी बोट थोडं पुढं सरकवलं.

"आन् ह्ये आमचं मालक." श्रीपती ऐवळे जाऊन अकरा वर्षं झाली होती.

शलाकाचे डोळे भरून आले. तिनं ते लपवलंही नाही. मनातल्या मनात तिनं राहिलेली अक्षरं मोजली. चाळीसेक होती, जोडाक्षरं वेगळी. एसटीत बसल्याबसल्या निम्मी होतील, बाकीची घरी. उद्या सकाळपर्यंत होतील. आता कुठं हात लावायचा ते तिला माहीत होतं.

लक्ष्मीबाई तो कागदही घडी घालून पिशवीत ठेवू लागल्या. शलाका घाईघाईनं म्हणाली, "बाई, तो मला..." आणि मग तिनंच हात मागं घेतला.

"राहू दे. तुमचाच आहे."

मास्तर मशिन पुसत होते. एकेक कळ फडक्यानं, सावकाश. शलाका त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली. नमस्कार करायचा होता, पण त्याआधी एक गोष्ट तिला आतून टोचत होती.

"मास्तर, नाव लागलं. पण एक घोटाळा झाला."

"काय?"

"तीन वर्षं मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगत आले, माझी अक्षरं सारखी आहेत. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. आज एकाची रेघ दुसऱ्यासारखी राहिली नाही. कुणाला बारीक केलं, कुणाला जाड. प्रत्येकाला वेगळं दिलं... आता मी काय सांगू?"

मास्तरांनी फडकं झटकलं. मशिनवर कव्हर घातलं, चारही कोपरे खाली ओढून नीट केले. पायरीवर लक्ष्मीबाई पिशवीची गाठ मारत होत्या. मास्तरांनी एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा शलाकाकडं.

"...आता कुठं सारखी झाली, बेटा," ते म्हणाले.